एमएम ५४० : पुढच्या चाकांची बेअरिंगं घरी बदलायची आहेत, नट नेमका किती आवळायचा?

घाटवाट

गाडी महिंद्रा एमएम ५४०, फोर बाय फोर. पुढे ड्रम ब्रेक, बाहेरून बसवलेले हब लॉक (चाक अॅक्सल शाफ्टला जोडायचे-सोडायचे). टायर मूळ मापापेक्षा रुंद आहेत आणि रिमही बाहेर काढलेली आहे. पावसाळ्यात मावळ-वेल्ह्याकडचे ओढे ओलांडणं नेहमीचं.

चाळीसच्या वर वेग गेला की डाव्या पुढच्या चाकातून घुमल्यासारखा आवाज येतो. गाडी उजवीकडे वळवली की वाढतो, डावीकडे वळवली की जवळपास बंद होतो. जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवलं की टक्-टक् लागतं.

काम घरीच करायचं आहे. ट्रॉली जॅक, दोन घोड्या, सॉकेट सेट, व्हर्नियर आहे. प्रेस नाही. प्रश्न असे : हे नक्की चाकाचं बेअरिंग आहे की किंग पिनचं (ज्यावर चाक वळतं तो खुंटा)? एका बाजूला काय काय सामान लागेल? प्रेसशिवाय कप (बेअरिंगची बाहेरची रिंग) कसे काढायचे-बसवायचे? आणि मुख्य म्हणजे बेअरिंगचा नट. एक मेकॅनिक म्हणतो पूर्ण आवळा, दुसरा म्हणतो ढिलाच ठेवा. दोघांपैकी बरोबर कोण?

पाना_पकड

सामान आणण्याआधी एक चाचणी करा, दोन मिनिटांची आहे. चाक उचललेलं असताना गाडीत कुणाला तरी बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि मग चाक वर-खाली हलवा. ब्रेक दाबल्यावर टक्-टक् गेलं तर प्ले (सैलपणा) चाकाच्या बेअरिंगचा. तसंच राहिलं तर किंग पिनचा. ब्रेकची बॅकप्लेट नकलवर (चाकासोबत वळणाऱ्या सांध्यावर) बोल्ट केलेली असते, त्यामुळे लायनरांनी ड्रम धरला की हब (चाकाचा मधला भाग) आणि नकल एकजीव होतात. चाकाच्या बेअरिंगचा प्ले त्यात झाकला जातो, किंग पिनचा मात्र झाकला जात नाही.

चाक डावी-उजवीकडे धरूनही हलवा. फक्त त्याच दिशेने प्ले असेल तर स्टिअरिंगच्या टाय रॉडचे एंड आधी बघा.

आवाजाचं तुम्ही लिहिलंय ते डाव्या चाकाशी जुळतं. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर जातं, म्हणून खराब बेअरिंग तेव्हा ओरडतं. तरी हब लॉक फ्री करून चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगच्या पाट्यांवर, अॅक्सलला लागून ठेवा. खराब बेअरिंगची खरखर पाट्यांमधून हाताला स्पष्ट लागते. हब लॉक फ्री न करता फिरवलंत तर अॅक्सल शाफ्ट आणि पुढचं डिफरन्शियलही फिरतं आणि त्याचाच आवाज तुम्ही बेअरिंगचा समजाल.

एक सावधगिरी. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. तो प्रोपेलर शाफ्ट धरतो, चाकं थेट धरत नाही. त्यामुळे मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. गाडी घोडीवर घ्या, जॅकवर ठेवून काम नको.

ड्रम_आणि_लायनर

सामानाचं सांगतो. या अॅक्सलच्या हबमध्ये विलीजच्या काळापासून आतलं आणि बाहेरचं अशी दोन टेपर रोलर बेअरिंगं असतात आणि दोन्ही एकाच मापाची. कोनचा (रोलरसकट आतल्या रिंगचा) नंबर १८५९०, कपचा १८५२०. कोनचं भोक ४१.२७५ मिमी, कपचा बाहेरचा व्यास ७३.०२५ मिमी. तरीही जुनं काढून त्याच्यावरचा नंबर वाचल्याशिवाय नवीन घेऊ नका. या गाड्यांचे अॅक्सल वर्षानुवर्षं अदलाबदल झालेले असतात, आधीच्या मालकाने काय बसवलंय ते आरसी बुक सांगत नाही.

एका बाजूला दोन कोन, दोन कप, हबचं एक ऑइल सील, वाकवायचं एक नवीन लॉक वॉशर आणि फ्लँजचं (हबच्या तोंडावरच्या तबकडीचं) एक गॅस्केट. उजवी बाजू ठीक वाटत असली तरी तिचं सील आणि लॉक वॉशर आणून ठेवा, कारण तीही उघडून बघायचीच आहे. ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ (घट्टपणाचा क्रमांक), ईपी (जास्त दाब सोसणारं). अर्ध्या किलोच्या डब्यात दोन्ही चाकं आरामात होतात. पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानातलं एपी ३ साध्या रस्त्याला चालतं, पण ड्रम ब्रेकवर लांब घाट उतरताना हब चांगलाच तापतो, तिथे कॉम्प्लेक्स ग्रीस जास्त टिकतं. आणि जुन्या ग्रीसवर नवीन भरू नका. वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन सीलमधून गळतात.

कप आणि कोन जोडीनेच घ्यायचे. जुन्या कपात नवा कोन घालून पैसे वाचवायला जाऊ नका, जुन्या कपाच्या खड्ड्यांवर नवे रोलर थोड्याच दिवसांत उखडतात. नंबर दाखवलात तर पुण्यात नाना पेठेत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळून जाईल. टिमकेन, एसकेएफ, एनबीसी, कुठलंही घ्या, पण अधिकृत विक्रेत्याकडून आणि बिलासकट. बेअरिंगमध्ये नकली माल खूप आहे. खोक्यावरचा नंबर आणि रिंगवर कोरलेला नंबर जुळतो का बघा, कोरलेली अक्षरं पुसट किंवा वाकडी असतील तर परत करा.

उघडताना : चाक काढा (काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असतात, सुटत नाही म्हणून पाइप लावून स्टड तोडू नका). ब्रेकचे अॅडजस्टर मागे घेऊन लायनर सैल करा, नाहीतर ड्रमला आतून पडलेल्या कडेत लायनर अडकतो आणि ओढाताणीत स्प्रिंग तुटते. मग हब लॉक आणि फ्लँजचे सहा बोल्ट. आत दिसतो तो बाहेरचा लॉक नट, त्याच्यामागे वाकवलेलं लॉक वॉशर, मग आतला अॅडजस्टिंग नट आणि शेवटी जीभ असलेलं वॉशर, ती जीभ स्टब अॅक्सलच्या (बेअरिंगं ज्यावर बसतात त्या पोकळ दांड्याच्या) खाचेत बसलेली असते. निघतील त्याच क्रमाने फरशीवर मांडून फोटो काढा.

नटाला छिन्नी-हातोडी मुळीच नको. कोपरे गोल होतात, आट्यांत कीस पडतो, आणि पुढे जे बारीक अॅडजस्टमेंट करायचंय ते छिन्नीने होतच नाही. नटाचं माप व्हर्नियरने घ्या आणि त्या मापाचं पातळ भिंतीचं ट्यूब सॉकेट आणा. या सगळ्या कामात एकच हत्यार विकत घ्यायचं असेल तर ते हे.

ड्रममधली भुकटी हवेने किंवा तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतं. पाणी मारून ओल्या कापडाने पुसा.

घाटवाट

ब्रेक दाबला की प्ले पूर्ण गेला, म्हणजे चाकाचंच बेअरिंग. हब उघडला. नंबर १८५९० आणि १८५२०च निघाले.

आतल्या बेअरिंगच्या कपावर रोलरच्या अंतराने काळ्या आडव्या रेषा आहेत, मधेमधे पोपडे निघालेत. बाहेरचं बेअरिंग निळसर-तपकिरी झालंय. ग्रीस आत पांढुरकं, दुधाळ, आणि बाहेरच्या बाजूला काळं आणि पातळ, जवळजवळ तेलासारखं. स्टब अॅक्सलवर बाहेरचं बेअरिंग बसतं तिथे रिंग फिरल्याच्या खुणा दिसतात.

रोलर_वाचन

या चार खुणांमधून तीन वेगवेगळ्या गोष्टी कळतात. तीनही नीट केल्या नाहीत तर नवीन बेअरिंगं पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकणार नाहीत.

रोलरच्या अंतराने काळ्या रेषा म्हणजे पाणी. गाडी पाण्यातून गेली, मग उभी राहिली, आणि रोलर जिथे थांबले तिथे कपावर गंज बसला. पुढे गाडी चालली की त्याच रेषांपासून पोपडे निघायला लागतात. दुधाळ ग्रीसही तेच सांगतं. पाणी बहुतेक सीलमधून आत जातं, आणि नुसत्या चिखलाच्या शिंतोड्यांनी नाही. घाट उतरून तापलेला हब थंड ओढ्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठावरून पाणी आत ओढून घेते. म्हणून ओढ्यात उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबून हब कोमट होऊ द्यावा. सील दुहेरी ओठाचं मिळालं तर तेच घ्या.

काळं पातळ ग्रीस ही वेगळी भानगड आहे. ते नकलमधलं तेल आहे. बंद नकलमधून अॅक्सल शाफ्ट पोकळ स्टब अॅक्सलमधून बाहेर येतो. स्टब अॅक्सलमधला बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) झिजला की नकलमधलं तेल शाफ्टच्या कडेने फ्लँजपर्यंत येतं आणि बाहेरच्या बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतं. बुशमध्ये शाफ्ट वर-खाली हलवून बघा, स्पष्ट हलत असेल तर स्टब अॅक्सल काढून बुश बदला. नकलमध्ये तेल भरपूर आणि अगदी पातळ असेल तर अॅक्सल ट्यूबच्या आतलं सीलही गेलंय आणि डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येतंय. तेव्हा डिफरन्शियलची लेव्हलही बघा.

निळसर-तपकिरी रंग उष्णतेचा. वंगण धुतलं गेल्यामुळे किंवा नट जास्त आवळल्यामुळे, किंवा दोन्हींमुळे. असा रंग आलेल्या पोलादाची कडकपणाची ट्रीटमेंट उतरलेली असते. ते बेअरिंग हाताला गुळगुळीत लागलं तरी परत वापरायचं नाही.

आणि रिम. चाक जितकं बाहेर तितका भार आतल्या बेअरिंगवरून बाहेरच्यावर सरकतो आणि वळणावरचा हिसका वाढतो. रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या दहा-तृतीयांश घाताने घटतं. भार दुप्पट झाला तर आयुष्य साधारण एक दशांश. रुंद रिम ठेवायची असेल तर दर पावसाळ्यानंतर हब उघडणं हा त्या रिमच्या खर्चाचाच भाग धरा.

घाटवाट

बुशमध्ये शाफ्ट हलतोय, तो बदलतो. स्टब अॅक्सलवरच्या खुणा चालतील का? आणि कप कसे काढू?

ड्रम_आणि_लायनर

आधी स्टब अॅक्सल. या जागेवर कोनची आतली रिंग घट्ट बसवलेली नसते, हाताने सरकेल अशीच असते आणि चालताना अगदी सावकाश सरकतही राहते. त्यामुळे चकाकी आणि पुसट वर्तुळं चालतात. नखाला अडेल अशी पायरी पडली असेल, जागा निळी झाली असेल किंवा नवा कोन बसवून हलवल्यावर वर-खाली लटपटत असेल तर स्टब अॅक्सल बदला. वेल्डिंग करून खराद मारून घेण्याचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. पूर्ण चाक त्या तुकड्यावर उभं असतं.

सील जिथे घासतं ती जागाही बघा. तिथे नख अडकेल इतकी चर असेल तर नवीन सीलही गळेल.

आता कप. हब दोन लाकडी ठोकळ्यांवर पालथा ठेवा. पलीकडच्या बाजूने पितळी पंच घालून कपाच्या काठावर ठोका, एकदा इकडे, एकदा बरोबर समोर. एकाच जागी ठोकत राहिलात तर कप तिरका होऊन हबचं भोक खरवडतो. कप निघाल्यावर हब रॉकेलने स्वच्छ धुवा, भोकातले ओरखडे बारीक पॉलिश पेपरने फक्त उंचवटा जाईल इतके घासा.

नवीन कप रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. हब दुपारच्या उन्हात किंवा गरम पाण्यात तापवून कोरडा करा. बहुतेक वेळा कप अर्धा तर हातानेच बसतो. पुढे ठोकायला जुना कपच वापरा, बाहेरून ग्राइंडरवर अर्धा मिलिमीटर घासून, म्हणजे तो आत अडकून बसणार नाही. रुंद तोंड बाहेरच्या बाजूला, ही दिशा दोनदा तपासा. ठोकताना आवाज भरीव येत असतो, कप तळाला टेकला की एकदम खणखणीत होतो. मग ०.०५ मिमीची फीलर पट्टी कपाच्या मागे कुठूनही आत जाते का बघा. जात असेल तर कप बसलेला नाही. न बसलेला कप शंभर किलोमीटरनंतर बसतो आणि तुमचं सगळं अॅडजस्टमेंट बिघडतं.

कप हाताच्या जोरावर पूर्ण सरकत असेल तर हब गेला आहे. सेंटर पंचने भोकात ठिपके मारून कप घट्ट करण्याची पद्धत सगळीकडे दिसते, पण कप त्या ठिपक्यांच्या टोकांवर टेकतो आणि भाराखाली वाकतो. चांगला सेकंडहँड हब शोधणं परवडतं.

ग्रीस हाताने भरायचं. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या, कोनची रुंद बाजू त्याच्यावर दाबून दाबून ओढा, वरच्या अरुंद बाजूने रोलरांमधून ग्रीस डोकावेपर्यंत. पूर्ण गोल फिरवा. हबच्या आत दोन कपांच्या मधल्या जागेत कपाच्या काठाइतका थर द्या, पोकळी गच्च भरू नका. जास्तीचं ग्रीस घुसळलं जाऊन तापतं आणि सील ढकलून लायनरवर येतं. आतला कोन ठेवल्यावरच सील बसवा, स्प्रिंग असलेला ओठ बेअरिंगकडे, ओठाला ग्रीसचं बोट फिरवून.

पाना_पकड

आता तुमचा मूळ प्रश्न. दोन्ही मेकॅनिक अर्धं सांगतायत. पूर्ण आवळायचा, पण तसा ठेवायचा नाही.

हब स्टब अॅक्सलवर सरळ चढवा, ड्रमचं वजन सीलवर टेकू देऊ नका. बाहेरचा कोन, जिभेचं वॉशर, आतला नट. आता चाक दोन्ही दिशांना फिरवत फिरवत नट आवळा. फिरवत आवळण्याचं कारण असं की टेपर रोलर फिरल्याशिवाय आपल्या कडेला टेकत नाहीत. स्थिर चाकावर आवळलेला नट घट्ट वाटतो आणि दहा मीटर गेल्यावर सैल होतो. चाक जड फिरायला लागलं की थांबा. तिथून नट एक षष्ठांश फेरा मागे घ्या. नट षटकोनी आहे, म्हणजे बरोबर एक बाजू. सॉकेटवर खडूची खूण केली की चुकत नाही.

मग नवीन लॉक वॉशर, बाहेरचा लॉक नट, आणि तो घट्ट. इथेच बहुतेकांचं बिघडतं. लॉक नट आवळला की आतला नट आट्यांमधल्या फटीइतका आणखी आत दाबला जातो आणि तुम्ही सोडलेला प्ले त्यातच संपतो. म्हणून अॅडजस्टमेंट लॉक नट आवळल्यानंतर तपासायचं असतं, आधी नाही. चाक जड फिरत असेल तर लॉक नट सोडा, आतला नट आणखी थोडा मागे घ्या, परत लॉक करा. तीन-चार वेळा करावं लागतं, त्यात काही चूक नाही.

बरोबर झालं हे कसं ओळखायचं? लायनर सैल असताना चाक हाताने फिरवून सोडलं तर मोकळं फिरत राहावं, खरखर नको, आणि वर-खाली हलवल्यावर टक् लागू नये. डायल गेज मिळवता आला तर त्याचा पाय हबच्या तोंडावर टेकवून हब आत-बाहेर ओढा : ०.०३ ते ०.१२ मिमी हवं. शून्याच्या खाली नको. घाट उतरताना सगळं तापून पसरतं, आणि गारव्यात आधीच दाबलेलं बेअरिंग तिथे जळतं. शंका आली तर किंचित सैल बाजूला राहा, किंचित घट्ट कधीच नाही.

शेवटी वॉशरची कड लॉक नटाच्या सपाट बाजूवर पूर्ण वाकवा. जुनं वॉशर परत वाकवलं की दुमडीवर तुटतं आणि तुकडा बेअरिंगमध्ये जातो. दहा-वीस रुपयांसाठी तो धोका नको.

सीलबंद

एक भर. फ्लँजच्या गॅस्केटला थोडं सिलिकॉन लावा आणि हब लॉकचा ओ-रिंग बदला. मागचं सील नवीन आणि पुढे हब लॉक पाणी पितोय, असं या गाड्यांत फार वेळा होतं. हब लॉकच्या आत ग्रीस मात्र अगदी हलका हात ठेवून लावा. भरलं की क्लच रिंग सरकत नाही, आणि नेमकी चिखलात लॉक होत नाही.

घाटवाट

डावी बाजू झाली. लॉक नट आवळल्यावर खरंच चाक जड झालं होतं, तिसऱ्या वेळी जमलं. उजवी उघडली, बेअरिंगं चांगली आहेत पण ग्रीस थोडं दुधाळ. धुऊन परत भरू का?

रोलर_वाचन

रॉकेलने धुवा, हवेच्या दाबाने फिरवून वाळवू नका, कापडावर ठेवून वाळू द्या. मग भर उन्हात एकेक रोलर आणि कप बघा. एक जरी काळी रेषा दिसली तर त्या बाजूची जोडी बदला. काहीच नसेल तर तीच बेअरिंगं परत बसवा, आपापल्या जागी, आतलं आत आणि बाहेरचं बाहेर, कारण प्रत्येक कोन आपल्या कपाशी घासून बसलेला असतो. सील आणि लॉक वॉशर नवीनच.

पाना_पकड

ब्रेकचे अॅडजस्टर दोन्ही बाजूंना परत जुळवा, मागे घेतलेले विसरले तर पहिल्याच ब्रेकला पेडल तळाला जाईल. मग वीस किलोमीटर फिरवून या, शेवटचा टप्पा ब्रेक जवळपास न वापरता, आणि दोन्ही हबना हात लावा. दोन्ही सारखे कोमट हवेत. एखादा हब हात ठेववणार नाही इतका गरम असेल तर आधी लायनर घासतोय का ते बघा, नसेल तर नट घट्ट आहे. शंभर किलोमीटरनंतर परत चाक उचला, वर-खाली हलवा. नवीन कप थोडे बसतात, तेव्हा प्ले दिसला तर फ्लँज उघडून आतला नट फक्त दिसलेला प्ले जाईल इतकाच पुढे घ्या आणि लॉक नट आवळून परत तपासा. त्यासाठी एक जास्तीचं लॉक वॉशर आत्ताच आणून ठेवा.